तिसऱ्यांदा विचारा

डब्लिनहून फोन आला तेव्हा अट्रॅक्टा गिलहूली मागच्या दारात बसून बटाटे सोलत होती. हात पुसत ती आत आली, फोन घेतला, पलीकडचं ऐकलं आणि म्हणाली, "छे छे, मी कसली येतेय!"

पलीकडची मुलगी गोड बोलत होती. नाव सोरखा. 'या, बसा' या कार्यक्रमासाठी ती माणसं शोधायची. म्हणाली, "खरंच या हो, गिलहूलीबाई. आम्हाला फार आवडेल."

"नाही गं बाई. माझ्यासारखीचं तिथं काय काम?"

"बरं," मुलगी म्हणाली, "तुमची इच्छा. त्रास दिला, माफ करा." आणि तिनं फोन ठेवून दिला.

अट्रॅक्टा तशीच उभी. फोन कानालाच. "ठेवला!" ती म्हणाली. "कन्सेप्टा, अगं, ठेवला की तिनं!"

आता आमच्या लीट्रिम परगण्याची रीत अशी आहे की पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणणं म्हणजे निव्वळ हावरटपणा. चहा घेणार? नको नको. घ्या की थोडा. छे, आत्ताच झाला. अहो, घोटभर तरी! बरं, तुम्ही एवढं म्हणताय म्हणून. असं झालं की मग तो माणूस किटली रिकामी करून, केकचे तीन तुकडे खाऊन उठतो. पहिला नकार शिष्टाचाराचा, दुसरा इभ्रतीचा. तिसऱ्यांदा विचारलं की मग खरं उत्तर. पाळण्यातल्या पोराला हे ठाऊक असतं. पण डब्लिनकरांना कोण सांगणार? ते एकदा 'नाही' ऐकतात आणि खुशाल पुढच्या कामाला लागतात!

चुलीशी बसलेली कन्सेप्टा खो खो हसत सुटली. ही अट्रॅक्टाची नणंद. लग्न केलं नाही, माहेरचं घर सोडलं नाही. भाऊ मॅलकी असताना घरात तिघं होती, तो गेल्यावर या दोघी उरल्या. दोघी सत्तरी ओलांडलेल्या, एका किटलीतला चहा पिणाऱ्या, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकमेकींचे शब्द झेलणाऱ्या.

"बरं झालं ठेवला," कन्सेप्टा म्हणाली. "तुला कोण ओळखणार तिथं? तुझं तोंड पाहिलंय कुणी?"

हे मात्र खरं होतं. अट्रॅक्टाचं तोंड ड्रमकीलन गावाबाहेर कुणी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र शॅनन नदीच्या अलीकडे असं एक स्वयंपाकघर नव्हतं जिथं तो पोचला नाही. तीसेक वर्षं ती आमच्या भागातल्या रेडिओवर निधनवार्ता वाचायची. सकाळी अकराच्या बातम्या झाल्या की तिचा आवाज यायचा, आणि मग काय बिशाद कुणी बोलेल! कपात चमचा फिरायचा थांबे. शेतात ट्रॅक्टर बंद करून माणसं ऐकत. कोण गेलं, कुठल्या वाडीचं, मयत घरी आहे की चर्चमध्ये, मिस्सा म्हणजे तिथली प्रार्थना किती वाजता, दफन कुठं. कारण आमच्याकडे लग्नाला नाही गेलात तर लोक विसरतील, पण मयताला नाही गेलात तर तुमच्या नातवालासुद्धा ऐकवतील.

आणि एवढं सगळं असून तिचं कौतुक कधी कुणी केलं नाही. करणार कसं? "काय छान वाचलीस हो आमच्या बापाची निधनवार्ता" असं कुणी म्हणतं का? उलट दुकानात ती दिसली की पुरुष माणसं टोपी सरळ करत म्हणायची, "माझं नाव नाही ना यादीत, अट्रॅक्टा?" आणि हसत हसत जरा लांबून जायची. त्या वर्षीच्या वसंतात तिनं काम सोडलं. रेडिओवाल्यांनी तिला एक घड्याळ दिलं. तिची जागा एका तरुण पोरीनं घेतली आणि तो विषय तिथंच मिटला.

"तुला जायचं होतं की काय?" कन्सेप्टानं डोळे बारीक करून विचारलं.

"मला? काहीतरीच तुझं!" अट्रॅक्टा पुन्हा बटाट्यांकडे गेली. पण साल काढता काढता तिनं अर्धा बटाटाच कापून टाकला.

तिला जायचं होतं. फार जायचं होतं. 'या, बसा' ती दर शनिवारी बघायची. साऱ्या देशात बघतात. लोर्कन डेम्पसी नावाचा दाढीवाला माणूस खुर्चीत बसलेला असतो, समोर एक रिकामी खुर्ची. पडद्याआडून कोण येणार हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. हातात कागद नाही, प्रश्न लिहून दिलेले नाहीत, कानात कुणी कुजबुजत नाही. कधी सिनेमातला नट येतो, कधी बिशप, कधी हर्लिंगचा मोठा खेळाडू, कधी जिला फक्त तिच्या गल्लीत ओळखतात अशी बाई. तो म्हणतो, "या, बसा," आणि विचारायला लागतो. बस्स, एवढंच. पण तो विचारतो. अट्रॅक्टाला तेच हवं होतं. हजारो घरांतलं दुःख तिनं आपल्या तोंडानं सांगितलं, पण 'तुला काय वाटत होतं गं त्या वेळी?' असं तिला आजवर एकानंही विचारलं नव्हतं. आणि आपणहून सांगत सुटायला ती काय डब्लिनची होती?

त्यातली एक गोष्ट तर तिच्या घशात काट्यासारखी अडकलेली होती. मॅलकी गेला तेव्हा त्याची निधनवार्ता तिनंच वाचली होती. शवपेटी बैठकीच्या खोलीत, घर माणसांनी भरलेलं, कन्सेप्टा भावाच्या उशाशी, आणि रेडिओतून अट्रॅक्टाचा आवाज आला. ड्रमकीलनचे मॅलकी गिलहूली यांचं अल्पशा आजारानं निधन. त्यांच्या पश्चात पत्नी अट्रॅक्टा, बहीण कन्सेप्टा. आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या दिवसापासून कन्सेप्टा तिच्याशी पहिल्यासारखीच बोलायची, भांडायची, हसायची. पण कधीतरी, भलत्याच विषयावर, सहज बोलल्यासारखं करून टाकायची: "काही माणसांचं काळीज बाई दगडाचं असतं. नवरा पेटीत आणि ही तासभर गोठ्यात!" अट्रॅक्टा त्यावर कधी बोलली नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण टोमण्याला कुणी उत्तर देतं का?

दुपारी फोन पुन्हा वाजला.

"गिलहूलीबाई, मीच, सोरखा," मुलगी घाईघाईनं म्हणाली. "माझी आजी तुमच्याच बाजूची. ड्रमशान्बोची. आत्ता तिला सांगितलं तुम्ही नाही म्हणालात. तर ती माझ्यावर ओरडली हो! म्हणाली, गधडे, दोनदाच विचारलंस? आता लगेच फोन कर. तर मी तिसऱ्यांदा विचारते. याल का?"

"बरं बाई," अट्रॅक्टा म्हणाली, "तू एवढं म्हणतेस तर."

फोन ठेवून ती वळली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. कन्सेप्टानं बघून न बघितल्यासारखं केलं. "जा जा," ती म्हणाली. "तो विचारेल हवा कशी आहे, तू सांगशील बरी आहे, की झालं. न्यायला कुणी न आलेल्या पार्सलासारखी बसून राहशील तिथं. आणि मीही येणार आहे. तुझ्यासाठी नव्हे हां. मला कोट घ्यायचाय."

दोघी सकाळच्या गाडीनं डब्लिनला गेल्या. कन्सेप्टानं वाटेत उकडलेली अंडी काढली, मीठ पुडीत बांधून आणलं होतं. समोर बसलेल्या माणसाला तिनं अंडं दिलं. तो दोनदा नको म्हणाला आणि तिसऱ्यांदा त्यानं घेतलं. "शेजारच्या रॉस्कॉमनचा दिसतोय," कन्सेप्टा कुजबुजली. "चांगल्या घरचा."

स्टुडिओत अट्रॅक्टाला मागच्या दारानं आत नेलं, आणि कसं? तर डोक्यावरून कोट पांघरून! लोर्कनला चुकूनही पाहुणा दिसता कामा नये, अशी तिथली शिस्त. सोरखा पुढं, अट्रॅक्टा कोटाखाली, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर एकेक जण उभा राहून ओरडतोय, "लोर्कन आत आहे! दार लावलंय! चला!" अट्रॅक्टाला हसू आवरेना. जन्मात कधी अंडंसुद्धा चोरलं नव्हतं आणि आता पोलिसांनी धरलेल्या बाईसारखी वरात निघाली होती.

थांबायच्या खोलीत सिनेमातला एक देखणा पोरगा बसला होता. जगभर त्याचे फोटो लागतात म्हणे. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक. "काय विचारेल हो तो?" त्यानं तिलाच विचारलं.

"ते त्यालाच माहीत नाही, तर मला काय माहीत?" ती म्हणाली. "सँडविच घे. पोटात काही नसलं की असंच होतं."

"नको नको."

"घे रे."

"नको, खरंच."

तिनं त्याला निरखून पाहिलं. मग म्हणाली, "कुठला तू?"

"मेयोचा."

"मग आमच्याच बाजूचा की, घे मेल्या! मी तिसऱ्यांदा म्हणतेय." तो हसला, आणि त्यानं दोन घेतली.

तिची पाळी आली. सोरखा पडद्यापर्यंत तिचा हात धरून आली. "मी त्याला काही सांगू शकत नाही हं," ती म्हणाली. "एक शब्दसुद्धा नाही. आमचा नियमच आहे. तुम्ही फक्त बोला."

पडदा बाजूला झाला. दिवे इतके की समोरची माणसं दिसेनात. टाळ्या झाल्या, पण त्या कशा, तर अनोळखी पाहुण्याला वाजवतात तशा, हातचं राखून. लोर्कन डेम्पसी उठला, हात पुढं केला. "या, बसा."

त्याच्या डोळ्यांत तिला लख्ख दिसलं की याला काही पत्ता नाही. नट असता तर नाव घेतलं असतं त्यानं. तो तिच्या बुटांकडे बघत होता, गळ्यातल्या क्रूसाकडे बघत होता, आणि मनात हिशेब मांडत होता, ही नन असावी की कुण्या मंत्र्याची आई.

"लांबून आलात?"

"छे, गाडीनं आले. बसायला जागाही मिळाली," अट्रॅक्टा म्हणाली.

आणि काय सांगू! ही एवढीच वाक्यं, पण अंधारात कुठंतरी कुणीतरी "अगोबाई!" म्हणालं. पलीकडून एक बाई म्हणाली, "मरियामाते! ती आहे ती!" खुर्च्या करकरल्या. आमच्या बाजूनं, पश्चिमेकडून बस करून आलेली माणसं होती बरीच. एका म्हाताऱ्यानं तर सवयीनं टोपीच काढली.

लोर्कननं प्रेक्षकांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हे सगळे तुम्हाला ओळखतात. मीच एकटा गाढव. कोण तुम्ही?"

"मी मेलेली माणसं वाचायचे," ती म्हणाली. सभागृह हसून कोसळलं, आणि तीही हसली. मग तिनं सांगितलं, नाव, रेडिओ, अकराची वेळ, तीस वर्षं. तो खुर्चीत पुढं सरकला. डब्लिनचा असला तरी पोरगा कामाचा होता, ऐकायचा नीट. लोक कसे लांबून जायचे ते ऐकून तो पोट धरून हसला. रेडिओवर वाचायचीत तसं थोडं वाचून दाखवा म्हणाला. ती म्हणाली, "कुणाचं वाचू? आज कुणी गेलेलं नाही. जिवंत माणसाचं वाचलं तर उद्या तो येईल ना माझ्या दारात काठी घेऊन." पुन्हा हशा. अट्रॅक्टाला मजा वाटायला लागली. इतकी वर्षं ज्या लोकांना ती फक्त रडवत आली, ते तिच्या बोलण्यावर हसत होते. तिला वाटलं, आले ते बरं झालं.

मग त्यानं आवाज खाली आणला. "आणि घरचं माणूस? घरचं कुणी गेलं तेव्हाही तुम्हीच वाचलंत?"

"हो. नवऱ्याचं वाचलं. मॅलकीचं."

प्रेक्षकांत आणखी दोन टोप्या उतरल्या.

"अवघड गेलं असेल."

"छे," अट्रॅक्टा म्हणाली. "कामच होतं ते माझं."

"पण स्वतःच्या नवऱ्याचं नाव... आतून काय होत होतं तुम्हाला?"

"काही नाही हो. चालायचंच."

दोनदा झालं. सांगायचं सगळं ओठांवर आलं होतं, वर्षानुवर्षं नीट घडी घालून ठेवलेलं. आता फक्त त्यानं आणखी एकदा विचारायचं होतं. पण लोर्कननं मान हलवली, समजूतदारपणे, मोठ्या आदरानं. बाईला बोलायचं नाही, उगाच टोचू नये, असा चेहरा केला. भला माणूस! असल्या भल्या माणसांनीच घोळ होतो. "बरं," तो म्हणाला, "आता काम सोडल्यावर वेळ कसा जातो? विणकाम वगैरे?"

गेलं. पडद्यामागे सोरखा तोंडावर हात दाबून उभी होती, तिलाही कळलं होतं, पण नियम म्हणजे नियम. "विणते की," अट्रॅक्टा म्हणाली. "मोजे विणते."

आणि तेवढ्यात प्रेक्षकांतून, मागच्या रांगेतून, दूध उतू गेल्यावर घरात ऐकू येतो तस्सा एक आवाज फुटला.

"अरे बाबा, मोजे काय विचारतोस! तिसऱ्यांदा विचार की तिला!"

सगळ्यांच्या माना वळल्या. नवा कोट अंगात, किमतीची चिठ्ठी अजून बाहीला लटकलेली, कन्सेप्टा उभी होती.

"कोण आपण?" लोर्कननं डोळ्यांवर हात धरून विचारलं.

"मेलेल्याची बहीण! तू दोनदा विचारलंस, ती दोनदा नाही म्हणाली. आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कुणी खरं बोलत नाही. तुला आईनं काही शिकवलं नाही का रे? विचार!" आणि ती धपकन खाली बसली.

सगळे हसले, टाळ्याही पडल्या, पण अट्रॅक्टा हसली नाही. ती अंधारात कन्सेप्टाचा चेहरा शोधत होती. लोर्कननंही हसू आवरलं. खुर्ची जराशी जवळ ओढली.

"गिलहूलीबाई," तो म्हणाला, "मी तिसऱ्यांदा विचारतो. काय झालं त्या दिवशी?"

मग ती बोलली. अगदी सरळ बोलली.

"माझ्याआधी एक बाई वाचायची. बिचारी हळवी होती. एका गरीब म्हाताऱ्याचं वाचताना तिला हुंदका आला, आणि मिस्साची वेळ लोकांना ऐकूच गेली नाही. पेटीला खांदा द्यायला माणसं पुरेनात, रस्त्यावरच्या वाटसरूंना बोलवावं लागलं. मला ती जागा दिली तेव्हा मी ठरवलं की माझ्यामुळे कुणाचं मयत रिकामं जाणार नाही. मॅलकी गेला त्या सकाळी रेडिओवाले म्हणाले, दुसरं कुणी वाचेल. मी म्हटलं, नाही. त्याला सगळं गाव यायला हवं, आणि गावाला माझा आवाज ऐकायची सवय. पण मला माहीत होतं ना, माझ्याच्यानं व्हायचं नाही ते. म्हणून मी गोठ्यात गेले. गायींना वाचून दाखवलं. पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं तिथंच संपले. मग 'पत्नी अट्रॅक्टा'वर. मग 'बहीण कन्सेप्टा' म्हणताना तर खालीच बसले, शेणात, कारण म्हटलं, त्या माउलीला आता या जगात कुणी उरलं नाही. परत वाचलं. परत वाचलं. गायी बघत होत्या माझ्याकडे. सगळं रडणं तिथं संपवलं, तोंड धुतलं, आणि जाऊन वाचलं. आवाज हलला नाही. लोक म्हणाले, काय धीराची बाई. काही म्हणाले, दगड आहे." तिनं गळ्यातला क्रूस सरळ केला. "मयताला माणूस मावत नव्हता चर्चमध्ये. बाहेर पावसात उभे होते."

बोलणं हा ज्याचा धंदा, तो लोर्कन डेम्पसी डोळे पुसत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला चहा देऊ का?"

"नको नको," अट्रॅक्टा म्हणाली, आणि आता मात्र सगळं सभागृह एका सुरात ओरडलं, "परत विचार!"

परतीच्या गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. मुलिंगार स्टेशन गेलं तरी कन्सेप्टा खिडकीबाहेरच बघत होती. शेवटी अट्रॅक्टाच म्हणाली, "कशाला ओरडलीस गं?"

"ते गाढव पुढं निघालं होतं."

"तुला ऐकायचं होतं?"

"मला काय ऐकायचंय!" कन्सेप्टा कोटाच्या बाहीवरची चिठ्ठी उगाच ओढत राहिली. "मला वाटलं तू धार काढत होतीस," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटत होतं, नवरा मेला आणि ही बया धार काढतेय."

"विचारायचं होतंस."

"तू म्हणाली असतीस, काही नाही गं."

"मग तिसऱ्यांदा विचारायचं."

"मला पहिल्यांदाच धीर झाला नाही," कन्सेप्टा म्हणाली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. तिनं पिशवीत हात घातला आणि उरलेलं अंडं बाहेर काढलं. "घे. आणि नको म्हणालीस तर बघ." अट्रॅक्टानं एकदाही नको न म्हणता ते अंडं घेतलं आणि खाल्लं. मीठ संपलं होतं, तरी चांगलं लागलं.

शनिवारी कार्यक्रम दाखवला. रविवारी चर्चच्या फाटकापाशी अट्रॅक्टाला पाहून कुणी लांबून गेलं नाही. उलट रांगच लागली म्हणा ना! खाटीक म्हणाला, माझं वाचशील तेव्हा 'प्रसिद्ध' म्हण. पोस्टातली बाई म्हणाली, माझ्या वयाचा उल्लेख टाळलास तर बरं. एक जण म्हणाला, पश्चात पत्नी म्हण, पण 'प्रेमळ' एवढं नको, खोटं चालायचं नाही. अट्रॅक्टानं हसून हसून डोळे पुसले. "मेल्यांनो, मी काम सोडलंय," ती म्हणत होती, आणि कुणी ऐकत नव्हतं.

सोमवारी अकरा वाजता दोघी चुलीशी बसल्या होत्या. रेडिओवर नवी पोरगी निधनवार्ता वाचत होती. "फार भरभर वाचते," कन्सेप्टा म्हणाली. "मेलेल्याला काय घाई आहे?"

"शिकेल," अट्रॅक्टा म्हणाली. तिनं कप भरले. मग सहज म्हणावं तशी म्हणाली, "तुझं मी वाचू का गं? वेळ आली की?"

"काही नको. मीच तुला पोचवून मग जाणार आहे."

"वाचते ना."

"नको म्हटलं ना. तुझी जागा आता त्या पोरीला दिलीय."

अट्रॅक्टानं दूध घातलं. साखर घातली. ढवळलं. चमचा बशीत ठेवला आणि खुशाल चहा प्यायला लागली. रेडिओवर हवामान सुरू झालं. कन्सेप्टानं एकदा तिच्याकडे बघितलं, परत बघितलं.

"मग?" ती एकदम भडकली. "पुढचं विचारायला काय पाद्र्याला बोलावू?"

"वाचू का, कन्सेप्टा?"

"बरं. तू एवढं म्हणतेस तर." कन्सेप्टानं खुर्ची सरळ केली, स्वेटर सारखा केला, आणि सगळं आधीच ठरवून ठेवलेल्या माणसासारखी सांगायला लागली. "त्या पोरीला त्या दिवशी खुर्चीतून उठव. ड्रमकीलनच्या कन्सेप्टा गिलहूली यांचं निधन. अल्पशा आजारानं म्हणू नकोस, मला चांगला मोठा आजार होणार आहे, लोकांना भेटायला वेळ मिळायला हवा. आणि पश्चात..." ती अडली. "पश्चात कोण आहे गं मला?"

"भावजय आहे," अट्रॅक्टा म्हणाली.

"भावजय नको म्हणूस. बहीण म्हण."

अट्रॅक्टानं कप खाली ठेवला. "पश्चात बहीण..." ती म्हणायला लागली. रेडिओवर तीस वर्षं एकदाही न अडलेला तो आवाज, चुलीपाशी, सकाळी अकरा वाजता, चहाच्या कपावर पार मोडून गेला.

कन्सेप्टानं तिच्याकडे बघितलं नाही. चुलीत जळणाचं एक ढेकूळ सरकवलं. "आणि हलला आवाज तर हलू दे," ती म्हणाली. "मिस्साची वेळ तेवढी दोनदा सांग."